मोटारीचा ‘मेंदू’ बिघडला तर

आग्रा-मुंबई रस्त्यावरील भंवरकुआं चौकात, होळकर विज्ञान महाविद्यालयाच्या परिसरात, पावसाळ्यातील संध्याकाळी वाहनांची जी दाटी होते तिच्यात एखादी मोटार एकाएकी बंद पडावी, हा प्रसंग इंदूरकरांना अपरिचित नाही. अँबॅसिडर आणि पद्मिनी यांच्या काळी अशा वेळी कोणी तरी बॉनेट उघडी, कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करी, प्लग पुसून पुन्हा बसवी, आणि गाडी धक्के खात का होईना, घरी पोचे. आता तसे होत नाही. कारागीर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो, त्याच्या पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो, आणि थोड्याच वेळात निर्णय सुनावला जातो, ‘ईसीएम गेला, नवा घालावा लागेल.’ या नव्या ईसीएमची किंमत ऐकली म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाचे महिन्याचे अंदाजपत्रक कोसळते. तेव्हा हा निर्णय कितपत खरा मानावा, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

ईसीएम म्हणजे इंजिनाला केव्हा आणि किती इंधन द्यावयाचे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडावयाची, हे ठरविणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारीसाठी इंधनाचे हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे सोपविले. भारतात १ एप्रिल २००० पासून धुराविषयीचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटरला निरोप मिळू लागला. १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस आवश्यक झाले, तर पुढल्याच वर्षी त्याच तारखेला भारत स्टेज ६ लागू झाले. परिणामी आजच्या मोटारीत एक नव्हे, अनेक मेंदू आहेत. इंजिनाचा निराळा, ब्रेकचा निराळा, एअरबॅगचा निराळा, दारे आणि दिवे यांचा निराळा. आणि हे सारे पीळ दिलेल्या दोन तारांवरून परस्परांशी अखंड बोलत असतात.

येथेच पहिली गफलत होते. स्कॅनरवरील क्रमांक हा रोग्याने सांगितलेल्या तक्रारीसारखा असतो, ते वैद्याचे निदान नव्हे. ‘इंजिनाच्या पेटीशी संपर्क तुटला’ असा निरोप आला तर पेटी मेली असेलच असे नाही. तिला वीज पोचत नसेल, तिची अर्थिंगची पट्टी गंजली असेल, किंवा उंदराने तार कुरतडली असेल. यास्तव पेटीवर हात टाकण्यापूर्वी काही साध्या परीक्षा केल्या पाहिजेत. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, इंजिन चालू झाल्यावर तो साधारणतः १४ व्होल्टच्या आसपास जातो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे अंग यांच्या दरम्यान अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर दोष अर्थिंगचा समजावा. बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजला असता पुष्कळ गाड्यांत तो ६० ओहम भरतो, कारण त्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसविलेला असतो. ६० च्या जागी १२० दिसले तर एका बाजूची वाट तुटली आहे. शून्याजवळ आकडा आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. या परीक्षांना अर्धा-पाऊण तास लागतो आणि मीटर कोणत्याही बऱ्या कारागिराजवळ असतोच. त्या न करता नव्या पेटीची मागणी नोंदविणारा कारागीर निदान करीत नसून दुसऱ्याच्या पैशाने अंदाज बांधीत असतो.

परीक्षांअंती दोष खरोखर पेटीचाच ठरला, तर तो कशामुळे आला हे पाहावे, कारण दुरुस्तीची आशा त्यावरच अवलंबून असते. पेटीतील विजेचा साठा करणारे छोटे कपॅसिटर उष्णतेने सुकतात. दर दहा अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते असा ढोबळ हिशेब आहे, आणि माळव्याच्या वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीला तो चांगलाच लागू पडतो. तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांनी डाखाच्या सांध्यांना केसाएवढ्या चिरा जातात. अशी गाडी थंडपणी सुरू होते आणि तापली की रुसते. हे दोन्ही दोष कुशल हाताने दुरुस्त होतात. काचेखालच्या पन्हळीत निंबाची पाने साचली, तिची भोके बुजली आणि पाणी पेटीत उतरले, तर पहिल्या दोन-चार दिवसांत स्वच्छता करून कधी कधी भागते. हिरवट गंज पट्टीवर पसरल्यानंतर मात्र दुरुस्ती टिकत नाही. बॅटरीच्या तारा उलट जोडल्याने पेटीचा मुख्य भागच जळाला असेल, अथवा आतील सारे जेलीसारख्या रसायनात बुडविलेले असेल, तर तिचा मोह सोडावा हेच बरे.

दारे, काचा, दिवे यांची पेटी दुरुस्त करून पाहण्यात धोका अल्प असतो, आणि इंजिनाच्या पेटीबाबतही दुरुस्ती पुष्कळदा शहाणपणाची ठरते. परंतु एअरबॅगच्या पेटीला हा न्याय लावता येणार नाही. अपघातात एअरबॅग एकदा फुटली की ती पेटी त्या घटनेची नोंद स्मृतीत कायम करून ठेवते. ती नोंद पुसून तीच पेटी पुन्हा बसवून देणारे आहेत. त्यांच्याकडून काम करून घेणे म्हणजे चार पैसे वाचविण्यासाठी मुलाबाळांचा जीव टांगणीला लावणे होय. ब्रेकच्या पेटीची दुरुस्ती होते, पण ती केवळ त्याच कामाचा अनुभव असलेल्या आणि लेखी हमी देणाऱ्या माणसाकडून.

नवी पेटी आणली म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. तिला गाडीचा क्रमांक शिकवावा लागतो आणि किल्लीतील चिपशी तिची ओळख करून द्यावी लागते. एरवी चोरीप्रतिबंधक व्यवस्था इंजिन सुरूच होऊ देत नाही. भंगारातून आणलेली पेटी बाहेरून हुबेहूब दिसते, पण तिच्यावरील भाग-क्रमांक आणि आतील प्रोग्रॅम जुळला नाही तर ती केवळ लोखंड. म्हणून किंमत विचारताना पेटी, प्रोग्रॅमिंग आणि मजुरी असा एकत्रित आकडा मागावा.

हे प्रोग्रॅमिंग कोणी करावयाचे, याला कायद्याची बाजूही आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळत नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-उत्पादकांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली, हे खरे. तथापि कोपऱ्यावरच्या कारागिरालाही कुलपाची किल्ली मिळाली पाहिजे, हा विचार त्यामुळे चर्चेत आला. २०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा तर नव्या मोटारीसाठीच महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली, आणि दुरुस्ती करणाऱ्या हातांचे मोल पुष्कळांना उमगले.

शेवटी हिशेब घरातच करावयाचा आहे. गाडी दहा-बारा वर्षांची असून नव्या पेटीचा एकत्रित खर्च तिच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर प्रथम दुरुस्तीच आजमावावी. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर पेटी कोणालाही उघडू न देता थेट कंपनीच्या केंद्राकडे जावे. आणि पेटी बदललीच, तर जुनी मागून घेऊन घरी ठेवावी. तिच्या स्मृतीत किल्ल्यांचे संकेत असतात, आणि नव्या पेटीची ओळख पटेनाशी झाली तर ती माहिती पुष्कळदा त्या जुन्या, मेलेल्या पेटीतूनच वाचून घेता येते.