नकाराधिकार नसलेला पिचर

३१ जुलै २०२५ ला मेजर लीग बेसबॉलमधली खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली. त्या वर्षी सर्वांत मोठी झुंबड उडाली ती रिलीफ पिचरसाठी, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर मैदानात येणाऱ्यांसाठी. मेसन मिलर सॅन डिएगोला गेला, योआन दुरान फिलाडेल्फियाला, रायन हेल्सली मेट्सकडे आणि डेव्हिड बेडनार यँकीजकडे. ताशी १६० किलोमीटरच्या आसपास चेंडू फेकणाऱ्या या मंडळींच्या मथळ्यांखाली काही दिवसांपूर्वीची एक बातमी दबून गेली. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी जेसी चावेझने निवृत्ती जाहीर केली. २००८ ते २०२५ असे १८ हंगाम, ९ संघ, ६५७ सामने आणि ४.२७ चा ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे सव्वाचारच्या आसपास धावा. इतिहासात सर्वाधिक वेळा अदलाबदल झालेल्या खेळाडूंमध्ये त्याची गणना होते. त्यामुळे त्याच्यावरचे बहुतेक मजकूर ‘भटका’ या एका विशेषणाभोवती फिरले. त्याची ही भटकंती त्याच्या गुणवत्तेबद्दल फारच थोडं सांगते. संघ कसा हिशेब करतात आणि खेळाडूंच्या करारातलं एक जुनं कलम कोणाला वाऱ्यावर सोडतं, हे मात्र ती स्पष्ट सांगते.

त्याचा प्रवास पाहा. २००६ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला पिट्सबर्गला दिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये पिट्सबर्गने टॅम्पा बेला, आणि तिथे एकही चेंडू टाकण्याआधी डिसेंबरमध्ये टॅम्पा बेने अटलांटाला. जुलै २०१० मध्ये तो कॅन्सस सिटीला पोचला. तिथून टोरोंटोने त्याला उचललं आणि २०१२ मध्ये रोख पैसे घेऊन ओकलंडला विकलं. २०१५ च्या अखेरीस पुन्हा टोरोंटो, पुढच्या उन्हाळ्यात डॉजर्स, २०१८ मध्ये रेंजर्सकडून शिकागो कब्ज. २०२२ चा एकटा हंगाम तर चार तुकड्यांत गेला: कब्ज, अटलांटा, एंजल्स आणि पुन्हा अटलांटा. त्याच्या बदल्यात गेलेली नावंही पाहण्यासारखी आहेत. डिसेंबर २००९ मध्ये त्याच्या मोबदल्यात टॅम्पा बेला मिळालेल्या राफाएल सोरियानोने पुढच्याच वर्षी ४५ सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत टिकवणाऱ्याचा आकडा) नोंदवून अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. २०१५ मध्ये ज्याच्याशी अदलाबदल झाली तो लियम हेंड्रिक्स पुढे दोनदा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रिलीफ पिचर ठरला. पण याच हेंड्रिक्सला जून २०१८ मध्ये ओकलंडने यादीतून काढलं होतं, आणि उरलेल्या २९ संघांपैकी एकानेही त्याला घेतलं नव्हतं. पुढच्याच वर्षी तो ऑल-स्टार सामन्यात होता. म्हणजे एकाच अदलाबदलीतल्या दोन्ही पिचरना कधी ना कधी ‘नको’ म्हटलं गेलं आणि दोघांनीही नंतर ते खोटं ठरवलं. रिलीफ पिचरचं मोल ठरवताना संघ वारंवार चुकतात, आणि त्या चुकीचं कारण संख्याशास्त्रात सापडतं.

ते कारण समजून घ्यायचं तर व्होरोस मॅक्क्रॅकन या माणसाकडे जावं लागतं. बेसबॉलच्या आकडेवारीत गेल्या पाव शतकात इतका धक्कादायक विचार क्वचितच कोणी मांडला असेल. मॅक्क्रॅकन कोणत्याही संघात नोकरीला नव्हता. २००१ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या लेखाचा मुद्दा असा की स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन पिचरच्या हातात असतात, पण बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूवर हिट मिळणार की बाद, यावर पिचरचं नियंत्रण फार थोडं असतं. तिथे क्षेत्ररक्षण आणि नशीब यांचा वाटा मोठा असतो. पेद्रो मार्टिनेझचं उदाहरण बोलकं आहे. १९९९ मध्ये अशा चेंडूंवर त्याच्याविरुद्ध भरपूर हिट गेल्या, २००० मध्ये फारच कमी, आणि दोन्ही वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. तज्ज्ञांना हे आधी पटेना. पण बिल जेम्ससारख्या जाणकाराने मुद्दा मान्य केला आणि बॉस्टन रेड सॉक्सने मॅक्क्रॅकनला सल्लागार म्हणून घेतलं. पुढच्या अभ्यासांनी निष्कर्षाची धार थोडी कमी केली, गाभा मात्र टिकला. आता हा विचार रिलीफ पिचरला लावून पाहा. एका हंगामात त्याच्या वाट्याला साधारण ६० डाव येतात आणि त्यांत सुमारे १७० चेंडू बॅटला लागून मैदानात येतात. त्यांतल्या तीस टक्क्यांवर हिट जाते असं धरलं, तर केवळ योगायोगाने हिटची संख्या सहाने वर किंवा खाली जाणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. बाद होण्याऐवजी एक हिट गेली की सरासरी पाऊण धाव महागात पडते. म्हणजे साडेचार धावांचा, ईआरएमध्ये जवळजवळ ०.७० चा फरक पिचरने काहीही वेगळं न करता पडतो. साडेतीनचा पिचर सव्वाचारचा दिसू लागतो आणि व्यवस्थापनाला वाटतं, याचं वय झालं.

चावेझच्या आकड्यांत हेच दिसतं. २०१८ मध्ये रेंजर्सकडे त्याचा ईआरए ३.५१ होता. त्याच उन्हाळ्यात कब्जकडे गेल्यावर ३९ डावांत तो १.१५ झाला. ते पाहून रेंजर्सने त्याला दोन वर्षांचा करार दिला, तर २०१९ मध्ये ४.८५. २०२० च्या आखूड हंगामात ६.८८, मग २०२१ मध्ये अटलांटाकडे २.१४ आणि वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद. २०२२ मध्ये एंजल्सकडे काही आठवड्यांत साडेसातच्या वर, आणि २०२३ मध्ये परत अटलांटाकडे १.५६. एवढ्या चढउतारात त्याचं कौशल्य दरवर्षी मरून पुन्हा जन्माला येत नव्हतं. छोट्या नमुन्यावर मोठे निर्णय घेतले जात होते. संघांना हे कळत नाही असं नव्हे. मॅक्क्रॅकनचे वारसदार आज प्रत्येक कार्यालयात बसलेले आहेत. पण कोणता रिलीफ पिचर पुढच्या वर्षी चालेल हे सांगता येत नसेल, तर स्वस्तात बरेच गोळा करायचे, बिघडेल त्याला सोडायचं, हा व्यवहार संघाला परवडतो. अनिश्चिततेची किंमत संघ मोजत नाही, पिचर मोजतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सगळं नशीबच असेल, तर चावेझच कशाला, कोणीही चाललं असतं. हा आक्षेप एका हंगामापुरता खरा आहे, १८ हंगामांपुरता नाही. नशीब साठ डावांत फसवतं, हजाराहून अधिक डावांत नाही. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ४२ व्या फेरीत निवडलेला हा मुलगा. त्या फेरीतल्या बहुतेकांना मेजर लीगचं मैदान कधीच दिसत नाही. आता तर ड्राफ्टच २० फेऱ्यांचा झाला आहे, त्यामुळे अशा मुलाचं नावही पुकारलं जाणार नाही. वेग बेताचा असल्याने त्याने कटर या शेवटी किंचित वळणाऱ्या चेंडूवर हुकूमत मिळवली. ओकलंडमध्ये गरज पडली तेव्हा २०१४ मध्ये २१ सामन्यांत तो सुरुवातीचा पिचर होता. २०२१ मध्ये डॉजर्सविरुद्ध लीगच्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्याची सुरुवात अटलांटाने त्याच्याच हाती दिली. पहिल्या डावात टाक म्हटलं की पहिल्या, हरलेल्या सामन्याच्या नवव्या डावात टाक म्हटलं की नवव्या. हे कौशल्य मोजायला अधिकृत रकाना नाही. १९६९ मध्ये अधिकृत झालेला ‘सेव्ह’ हा आकडा शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या डोक्यातून आला, आणि तो मुख्यतः विजयाचा शेवटचा बाद घेणाऱ्याची बाजू मांडतो. पुढे पैसाही त्याच दिशेने गेला. चावेझच्या नावावर कारकिर्दीतले सेव्ह एका आकड्यात आहेत. तरी अटलांटाने त्याला पुन्हा पुन्हा परत बोलावलं, यापेक्षा ठोस पावती कोणती असणार?

आता करारातल्या कलमाकडे येऊ, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. १९६९ मध्ये बारा हंगाम सेंट लुईसकडे खेळलेल्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आलं. तो न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. पण त्याच्या लढ्याच्या छायेत खेळाडूंच्या संघटनेने लगेचच ‘दहा-पाच’ नियम पदरात पाडून घेतला. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यांतली अखेरची सलग पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारता येते. १९७३ च्या डिसेंबरमध्ये कब्जच्या रॉन सँटोने हा हक्क पहिल्यांदा बजावला आणि कॅलिफोर्नियाला जायला नकार दिला. सँटोसारख्यांसाठी नियम उत्तम होता. पण ‘पाच’ची अट कोणाला बाहेर ठेवते ते बघा. पाच वर्षं एका संघात तोच राहतो ज्याला संघ तसाही सोडू इच्छित नाही. ज्याची पाच वर्षं पुरी होण्याआधी दोनदा अदलाबदल होते, त्याचं घड्याळ दर वेळी शून्यावर येतं. २०२२ च्या दोन्ही अदलाबदलींच्या वेळी चावेझची दहा वर्षांची सेवा पूर्ण झाली होती, तरी त्याचं मत विचारण्याचं बंधन कोणावरही नव्हतं. वारंवार हलवलं जाणं हेच संरक्षण नाकारण्याचं कारण ठरतं. माझ्या मते हा अन्याय आहे.

मालक म्हणतील, खेळाडूला करारातच अदलाबदल-बंदी मागता येते. कागदावर येते. वसंतातल्या सराव शिबिरात मायनर लीगच्या करारावर आलेल्या पस्तिशीच्या पिचरला ती कोण देणार? दुसरं म्हणतील, २०२५ मध्ये किमान वेतनच ७ लाख ६० हजार डॉलर होतं, तक्रार कसली? वेतन चांगलं आहे, यात वाद नाही. पण मोठं वेतन हे संमतीचा हक्क काढून घेण्याचं कारण असेल, तर कोट्यवधी मिळवणाऱ्या ताऱ्यांना तो हक्क का आहे? तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नकाराधिकार मिळाला तर संघ अनुभवी पिचरना घ्यायलाच कचरतील. थोडे कचरतीलही. पण दहा वर्षं टिकलेले असे पिचर मोजकेच असतात, आणि संमती विचारणं म्हणजे अदलाबदल थांबवणं नव्हे. विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या अटलांटाला जायला एप्रिल २०२२ मध्ये चावेझने आनंदाने होकार दिला असता, असं मानायला भरपूर जागा आहे. ऑगस्टमध्ये तळाकडे घसरलेल्या एंजल्सकडे पाठवताना मात्र त्याला एकदा विचारायला हवं होतं.

मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. वाटाघाटींत पगारमर्यादेचा मुद्दा सगळी हवा घेऊन जाईल, हे आताच दिसतं आहे. खेळाडूंच्या संघटनेने त्या गदारोळात ‘दहा-पाच’मधला पाच काढून टाकण्याची मागणी मागणीपत्रात घालावी, आणि ती शेवटच्या पानावर ढकलू नये.