एक्स-रे ‘चांगला आला’ म्हणजे नेमकं काय?

समजा, वडूजजवळच्या एका वस्तीवर खिलार बैल लंगडतोय. तुम्ही पोर्टेबल मशीन घेऊन गेलात. मालकानं वेसण धरली, मदतनीसानं पायामागे प्लेट धरली. स्क्रीनवर प्रतिमा आली, बरी दिसली. पण हाडात केसाएवढी चीर असेल तर ती यात दिसेल का? गुणवत्ता म्हणजे हा प्रश्न, प्रतिमेचा देखणेपणा नव्हे.

फिल्मच्या काळात चूक लगेच उघडी पडायची. एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर उजेड सावरून घेतं. कमी एक्स्पोजरला प्रतिमा दाणेदार येते, जास्तीला मात्र छान गुळगुळीत. मग आपला हात नकळत वरच जातो. याला ‘एक्स्पोजर क्रीप’ म्हणतात, आणि त्याची किंमत मोजतो तो प्लेट धरणारा मदतनीस. म्हणून मशीन दाखवत असेल तर प्रत्येक वेळी डेव्हिएशन इंडेक्स लिहून ठेवा. ० म्हणजे लक्ष्यावर, +३ म्हणजे जवळजवळ दुप्पट. अर्थात ते लक्ष्य माणसाच्या मनगटासाठी ठरवलेलं नाही ना, हे आधी बघा!

बैल हलला की कडा पुसट होतात. केव्ही साधारण १५ टक्के वाढवलं तर एक्स्पोजरचा वेळ निम्मा करता येतो. कॉन्ट्रास्ट थोडा घटतो, पण पायाच्या हाडाला तो सौदा परवडतो. प्लेटला लांब दांड्याचा होल्डर लावला तर हातही किरणांपासून दूर राहतो.

आता मूल्यमापन. निकष प्रतिमा बघण्याआधी ठरवा: सांध्याची कड सलग दिसते का, हाडाची जाळी ओळखू येते का. मग प्रतिमा पिसून, सेटिंग न सांगता, दोन-तीन पशुवैद्यकांना वेगवेगळं बसवून गुण द्यायला सांगा. आपल्या जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, विचारायला लाजू नका. त्यांचं एकमत किती, ते कप्पा काढून तपासा. तज्ज्ञांचंच जुळत नसेल तर निकष ढिसाळ आहेत, मशीनला दोष देऊ नका.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीचे दोन महिने मी बिघडलेल्या प्रतिमा कचरा समजून डिलीट केल्या. गाइडनी विचारलं, “किती वेळा परत काढावा लागला, आणि कशामुळे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तोच तर माझा डेटा होता. आता वहीत एक रकाना त्यासाठीच आहे: हलला, चुकीचा कोन, प्लेट तिरकी, एक्स्पोजर. सगळ्यात जास्त खुणा ‘हलला’पुढेच पडतात.