पणजीचं नाव

खोपोलीच्या शिळफाट्यावर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, वाढदिवसांच्या आणि निवडींच्या फ्लेक्सांच्या गर्दीत अधूनमधून एखादी म्हातारी दिसते. डोक्यावर पदर, फोटोला संगणकावर चढवलेला हार, मागे निळं आभाळ. वर ‘प्रथम पुण्यस्मरण’, खाली मुलगे, सुना, लेकी-जावई, नातवंडं, पतवंडं ‘आणि समस्त परिवार’. मधला मजकूर ठरलेला: प्रेमळ, मायाळू, कष्टाळू. छापणाऱ्याकडे तो तयारच असतो, नाव तेवढं बदलायचं. बाई वालाचं बिरडं कसं करायची, लावणीला तिचा हात किती चालायचा, भावकीत कुणाशी तिचं कधीच पटलं नाही, यातलं काही तिथे नसतं. यात हसण्यासारखं काही नाही. दुःखाच्या घाईत माणूस हाताशी असतील ते शब्द उचलतो. पण आई-आजीच्या आठवणींचा मराठीतला आढावा घ्यायला बसलं, की हा फ्लेक्स सारखा आडवा येतो. पुस्तकांतही पुष्कळदा हेच झालेलं आहे.

आपल्या रीतीत खरं तर स्मरणाची सोय चोख आहे. श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांचाही नावानिशी उच्चार होतो. भटजी विचारतात, ‘पणजीचं नाव?’ आणि घरातले एकमेकांकडे बघतात. पणजोबा जुन्या सातबाऱ्यावर, फेरफारात कुठेतरी सापडतात. पणजीचं माहेरचं नाव लग्नातच तांदळाच्या ताटात अंगठीने पुसून नवं लिहिलेलं, आणि ते नवंही ‘अमक्याची आई’ या हाकेखाली बुजलेलं.

पुस्तकांत पहिला मान ‘श्यामची आई’चा. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यांची आई 1917मध्येच गेली होती. आचार्य अत्र्यांच्या 1953च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि ही आई महाराष्ट्राची झाली. तिथेच थोडा घोटाळा झाला असं मला वाटतं. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला शिंपटीने फोडून काढणारी ती बाई पुस्तकात चांगली खणखणीत आहे. पुढच्या अनुकरणकारांनी तिची शिंपटी वगळली आणि अश्रू तेवढे उचलले. तेव्हापासून मराठी आत्मचरित्रातली आई बहुधा अर्धपोटी राहते, कधी चिडत नाही, आणि मुलगा मोठा झाला की पुस्तकातून निघून जाते.

याच काळात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ येऊ लागली, पहिला भाग 1934मध्ये. इथे बाई स्वतःच बोलते. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा लहरीपणा, स्वतःची फजिती, सगळं हसतहसत. 1936मध्ये त्या गेल्या. अपुरी राहिलेली कहाणी मुलगा देवदत्त यांनी पुरी केली. पुढे नातू अशोक टिळक यांनी या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती तयार केली. नातवाने आजीचे गोडवे गाण्याऐवजी आजीची वाक्यं नीट छापली जातील एवढं पाहिलं. आजीची आठवण जपण्याची याहून मानाची तऱ्हा मला दुसरी माहीत नाही.

बहिणाबाई चौधरींचंही तेच. अक्षरओळख नसलेली बाई शेतात, जात्यावर गाणी रचत राहिली आणि घरातल्या पोरांनी ती उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी भीतभीत ते कागद अत्र्यांना दाखवले आणि 1952मध्ये पुस्तक निघालं. आणि उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मधली (2003) आई? ती बांबूची सुपं, टोपल्या विणते. लेकीने पुस्तकाला नावच त्या विणकामाचं दिलं. तिची माया वाचकाला दिसते ती तिच्या हातांमधून, विशेषणांची गरज पडत नाही.

छापील पुस्तकांच्या बाहेर सर्वांत मोठा साठा ओव्यांचा. खोपोलीहून बोरघाट चढला की मावळ लागतो, पलीकडे मुळशी. तिथून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’कडे आहेत, आणि तिथे ओवीबरोबर गाणारणीचं नाव, गावही दिलेलं असतं. आईवर लेकींनी गायलेल्या ओव्या त्यात ढिगाने. फ्लेक्सवर लेक मुलगे-सुनांच्या मागे असते, जात्यावर ती पहिली.

घाटाच्या आमच्या खालच्या अंगाला आठवण जास्त करून चुलीवर राहिली. पहिल्या पावसात ठाकर आदिवासी बायका नाक्यावर शेवळांची रानभाजी घेऊन बसतात. त्यातला पिवळा दांडा काढून टाकायचा आणि भाजीत काकडं ही आंबट फळं घालायची, नाहीतर घशाला खाज सुटते. शेवळं घेताना काकडांचा वाटाही बरोबरच मिळतो. हे कुठल्या वहीत नसतं. सासूने सुनेला, आजीने नातीला सांगितलेलं असतं, तेही बहुतेक ओरडूनच.

आणि ही आठवण किती कच्च्या धाग्यावर आहे, ते खोपोलीच्याच खालापूर तालुक्याने 19 जुलै 2023च्या रात्री पाहिलं. इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ताच राहिली. घरात लावलेल्या फोटोंसकट घरं गेली. ज्या ठाकर घरांत सांगणारी आणि ऐकणारी दोघीही गेल्या, तिथे सांगणंही संपलं.

सरकारी कागदावर मात्र आई उशिरा का होईना आली आहे. राज्य मंत्रिमंडळाच्या 2024च्या निर्णयानुसार, 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं. आजच्या आज्यांना याचा उपयोग नाही, पण पुढच्या पिढ्यांना भटजींसमोर गप्प बसावं लागणार नाही. आजच्या आज्यांसाठी म्हणाल तर, मुरबाड तालुक्यात, फांगणे गावात, 8 मार्च 2016 रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका तिथे आधी शिकल्या ते स्वतःचं नाव लिहायला. अंगठा देण्याऐवजी सही करायची होती त्यांना.