शाखांची वारंवार जुळवणी

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेली अनेक मुले-मुली आज संगणकाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. 'मर्ज अडकले आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून पालकांनी ऐकले असेल. हे मर्ज, म्हणजे विलीनीकरण, काय असते आणि ते पुन्हा पुन्हा का करावे लागते, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

समजा, माजी विद्यार्थ्यांची एक यादी आहे. तिची एक प्रत चिंचणीत राहिली, दुसरी बोईसरला गेली आणि दोन्हींत दुरुस्त्या झाल्या. अशा स्वतंत्र वाढणाऱ्या प्रतींना 'शाखा' म्हणतात. एखादे नाव चिंचणीच्या प्रतीत आहे, बोईसरच्या प्रतीत नाही. मग ते इकडे नव्याने लिहिले गेले, की तिकडे खोडले गेले? याचे उत्तर त्या दोन प्रतींत मिळत नाही. ज्या मूळ प्रतीतून दोन्ही निघाल्या, ती पाहावी लागते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी निर्माण केलेली 'गिट' प्रणाली हीच तिहेरी तुलना करते. विलीनीकरणाच्या नोंदीत ती दोन्ही शाखांचा मागोवा ठेवते. त्यामुळे पुढील तुलना मागच्या जुळवणीपासून सुरू होते आणि मिटलेला वाद पुन्हा उभा राहत नाही. कोणी दुसरीकडचा मजकूर नुसताच उतरवून घेतला, तर ही नोंद होत नाही. तुलना जुन्याच मुळापासून होते आणि त्याच ओळींवर पुन्हा अडते. 'सबव्हर्जन' या आधीच्या प्रणालीत २००८ पर्यंत ही नोंद माणसालाच ठेवावी लागे.

एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळा बदल केला असेल, तर यंत्र थांबते व निर्णय माणसांवर सोपवते. यंत्र थांबले नाही, तरी अर्थ जुळला आहे की नाही हे तपासावेच लागते. महिनोन्महिने दुरावलेल्या शाखांत हे काम फार कठीण होते.

आपल्या परंपरेतही याचे उदाहरण आहे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीनंतर पुराण स्थविर तेथे आले. संगायन उत्तम झाल्याचे त्यांनी मान्य केले. परंतु भगवंतांच्या मुखातून स्वतः ऐकले तेच आपण धारण करू, असे सांगितले. विनयपिटकाने हा मतभेद पुसला नाही, नोंदवून ठेवला.

गटात काम करणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांना एवढेच सांगणे आहे : जुळवणी वरचेवर करा, तिची नोंद ठेवा आणि मतभेद झाल्यास समोरच्याशी बोला.