लाख घरे, एकच नकाशा

घरातला मिसळणाचा डबा उघडून पाहा. त्यातल्या वाट्यांवर 'मोहरी', 'हळद', 'जिरे' अशा चिठ्ठ्या कुणी डकवत नाही. कोणती वाटी कुठे, हे गृहिणीच्या हाताला ठाऊक असते. 'पायथन' या संगणक-भाषेला मात्र हे शहाणपण जरा उशिराच सुचले.

गुइडो व्हॅन रोसम या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली जगापुढे आणली. तिच्यात विद्यार्थी, ग्राहक, तिकीट या साऱ्या 'वस्तू', आणि नाव, वय, फी हे त्यांचे गुण. भाषा मोठी उदार! चालू कामात एखाद्या वस्तूला नवा गुण जोडा, तिची हरकत नाही. पण हे औदार्य फुकट कसे मिळेल? त्यासाठी प्रत्येक वस्तूजवळ स्वतःचा कोश असे. (होय, तिथेही 'डिक्शनरी' असेच म्हणतात, आम्हां भाषेच्या मास्तरांना तेवढेच बरे वाटते.) शाळेत दहा हजार विद्यार्थी, तर दहा हजार कोश, आणि प्रत्येकात त्याच नावांची तीच यादी! शिवाय शोध चटकन लागावा म्हणून कोशात काही जागा रिकामी सोडावी लागते, ती निराळीच.

यावरचा उपाय पायथनहूनही जुना. 'सेल्फ' या भाषेसाठी चेंबर्स, उंगार आणि ली यांनी तो १९८९ साली मांडला. एकाच घडणीच्या वस्तूंना मिळून एक 'नकाशा' द्यायचा. फी तिसऱ्या खणात, हे नकाशा सांगणार. वस्तूने फक्त आपले आकडे सांभाळायचे. एखादीने वेगळा गुण धरला, की तिचा नकाशा वेगळा.

पायथनने २००१ मध्ये 'स्लॉट्स' आणले: गुणांची नावे आधीच जाहीर करा, मग नवे जोडायचे नाही. जागा वाचते खरी, पण मला ही शिस्त फार हेडमास्तरी वाटते. मार्क शॅनन यांची २०१२ मधली तोड अधिक समंजस. नावांची यादी सामाईक, मूल्ये ज्याची त्याच्यापाशी, आणि उदारपणाही शाबूत! वस्तूंवर भर देणाऱ्या कामांत दहा ते वीस टक्के स्मृती वाचली.

२०२२ च्या ३.११ या आवृत्तीपासून तर बहुतेक वस्तूंसाठी कोश आधी तयारच होत नाही. कुणी मुद्दाम मागितला, तरच तो बांधून हाती देतात.