विली ब्राउन आणि ४१ चं गणित
वॉशिंग्टनच्या अलीकडे : लेखांक ७

कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत जागा ८०, म्हणजे बहुमताला ४१. विली ब्राउन तीस वर्षं आमदार राहिले आणि त्यातली जवळपास पंधरा वर्षं सभापती. या काळात त्यांनी कायदे केले, भाषणं गाजवली, उंची सूट मिरवले; पण त्यांचा खरा हातखंडा ही ४१ डोकी मोजण्यात होता.

जन्म १९३४ चा, टेक्ससमधल्या मिनिओला गावचा. काळ्यांची शाळाही वेगळी असण्याचा तो काळ. १७ व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत मामाकडे आले. मामा जुगारी, पण भाच्याला आधार मिळाला. साफसफाईची कामं करत ब्राउन वकील झाले. १९६२ मध्ये विधानसभेला पडले, १९६४ मध्ये निवडून आले.

तिथला सभापती म्हणजे आपल्या विधानसभेचे अध्यक्ष नव्हेत. निःपक्षपातीपणाची अपेक्षाच नाही. तो बहुमतवाल्यांचा उघड पुढारी. कोण कोणत्या समितीवर, कोणाला किती कर्मचारी, कोणाला ऐसपैस दालन आणि कोणाला अडगळीची खोली, हे सगळं त्याच्या हाती. ब्राउन तर स्वतःला ‘विधानसभेचे आयातुल्ला’ म्हणवून घेत!

हे पद त्यांनी मिळवलं तेही इरसालपणे. १९८० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात दोन गट हातघाईवर आले होते. ब्राउन थेट विरोधकांकडे गेले, समित्यांमध्ये वाटा कबूल केला आणि निवडून आले : २३ मतं स्वपक्षाची, २८ रिपब्लिकनांची.

नोव्हेंबर १९९४ मध्ये मात्र खेळ संपल्यासारखा दिसला. रिपब्लिकनांना ४१ जागा मिळाल्या, डेमोक्रॅटना ३९. डिसेंबरमध्ये सभापती निवडायला सभागृह बसलं. एकेकाचं नाव पुकारायचं, त्याने मोठ्याने मत सांगायचं. रिपब्लिकन म्हणून निवडून आलेले पॉल हॉर्चर यांचं नाव आलं आणि ते म्हणाले, “ब्राउन.” त्यांनी पक्षच सोडला होता. ४०–४०! पेच जानेवारीपर्यंत लांबला. रिचर्ड माउंटजॉय हे रिपब्लिकन सदस्य राज्याच्या सिनेटवरही निवडून आले होते, तरी मतासाठी विधानसभेची खुर्ची सोडेनात. दोन सभागृहांत एकाच वेळी बसता येत नाही, असं म्हणत ब्राउनांच्या बाजूने त्यांना बाहेर काढलं. मग ४०–३९ ने ब्राउन पुन्हा सभापती.

आपल्याकडे हॉर्चर यांच्यावर दहाव्या परिशिष्टाखाली अपात्रतेची याचिका दाखल झाली असती आणि ती अध्यक्षांच्याच टेबलावर पडून राहिली असती. तिथे पक्षांतरबंदी नाही, पण मतदारांना आमदार परत बोलावता येतो. हॉर्चर यांना त्यांच्या मतदारांनी १९९५ मध्येच घरी बसवलं. सौदा ब्राउनांचा, किंमत हॉर्चरांची. मला या सगळ्या प्रकरणात हेच खुपतं.

ब्राउनांना हरवायला शेवटी नियमच बदलावा लागला होता. १९९० च्या सार्वमताने विधानसभेत दोन-दोन वर्षांच्या फक्त तीन मुदतींची मर्यादा घातली. प्रचारात ब्राउनांचं नाव गाजत होतं. १९९६ मध्ये त्यांना उभंच राहता येणार नव्हतं. त्यांनी वाट पाहिली नाही. १९९५ च्या डिसेंबरात विद्यमान महापौर फ्रँक जॉर्डन यांना हरवून ते सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले.

महापौरपदाची आठ वर्षं संमिश्र गेली. शहरातली बससेवा शंभर दिवसांत सुधारून दाखवतो, ही घोषणा अंगाशी आली. १९८९ च्या भूकंपात तडे गेलेली सिटी हॉलची इमारत मात्र १९९९ मध्ये डागडुजी होऊन, घुमटावर सोन्याचा मुलामा चढवून पुन्हा उघडली. मर्जीतल्या माणसांना पदं वाटल्याची टीका शेवटपर्यंत सुटली नाही.

१९९६ मध्येच त्यांनी शहराच्या पार्किंग आणि वाहतूक आयोगावर वाइनचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाला नेमलं आणि पुढच्या वर्षी थेट नगर परिषदेवर घेतलं. हाच तरुण, गॅव्हिन न्यूसम, पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.