पिकाचे रानातले भाऊबंद

आपण रोज काय खातो? भाकरी. भाकरी कशाची? ज्वारीची नाहीतर बाजरीची. सणाला गव्हाची पोळी. आजारी पडलो की भाताची पेज. चहात साखर, ती उसाची. मित्रांनो, ज्वारी, बाजरी, गहू, भात, मका, नाचणी आणि ऊस ही सगळी गवते आहेत! एवढा उंच बांबू, तोसुद्धा गवतच. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा सगळा वर्ग हसला. पण ते अगदी खरे आहे.

गवत ओळखायची खूण सोपी आहे. कांडीला पेरे असतात. पान पेरापासून निघते आणि आधी कांडीला गुंडाळून मग बाहेर पडते. कांडी बहुतेक गोल असते. लव्हाळा गवतासारखाच दिसतो, पण त्याची कांडी बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. म्हणून लव्हाळा गवताच्या कुळातला नाही.

म्हणजे शेतातली ज्वारी आणि बांधावरची हरळी एकाच मोठ्या घराण्यातल्या. एक शहाणी होऊन शेतात राहिली, दुसरी रानातच राहिली. या रानातल्या भाऊबंदांचा पिकाला काय उपयोग होतो, ते मी या लेखात सांगणार आहे.

विषाणू म्हणजे काय?

माणसाला रोग होतो तसा पिकालाही होतो. काही रोग बुरशीने होतात, काही विषाणूने. विषाणूलाच इंग्रजीत व्हायरस म्हणतात. तो इतका बारीक असतो की शाळेच्या भिंगातून काय, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही.

तो सापडला तंबाखूच्या पानात. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे ठिपके पडत होते. १८९२ साली रशियातल्या इव्हानोव्हस्की या शास्त्रज्ञाने रोगट पानाचा रस काढला. तो त्याने चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. ती गाळणी इतकी बारीक होती की जंतूसुद्धा तिच्यातून जात नसत. तरी तो गाळलेला रस चांगल्या रोपाला लावल्यावर रोग झालाच! म्हणजे जंतूपेक्षाही बारीक असे काहीतरी त्या रसात होते. १८९८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्याला व्हायरस म्हटले.

तंबाखूचा हा विषाणू काडीसारखा असतो. एक मिलिमीटर म्हणजे आपल्या पट्टीवरची सगळ्यात लहान रेघ. तेवढ्या जागेत या काड्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर तीन हजारांच्या वर बसतात. मी भागाकार करून बघितला.

विषाणू स्वतः चालत नाही, उडत नाही. त्याला वाहन लागते. भेंडीच्या हळद्या रोगाचे वाहन म्हणजे पांढरी माशी. ती रोगट पानातला रस पिते आणि चांगल्या पानावर जाऊन बसते. उसाचा मोझॅक रोग मावा पसरवतो, आणि बेण्यातूनही तो जातो. म्हणून रोगट उसाचे बेणे लावू नये.

औषध का नाही?

आपल्याला पोलिओ होऊ नये म्हणून लहानपणी तोंडात दोन थेंब टाकतात. पोलिओसुद्धा विषाणूचाच रोग आहे. मुंबईला परळमध्ये हाफकिन नावाची मोठी संस्था आहे. तिथे पोलिओचे डोस तयार झाले आणि ते गावोगावी गेले. डोस घेतला की आपल्या अंगातले रक्त विषाणूशी लढायला शिकते.

पण झाडाच्या अंगात आपल्यासारखे रक्त नसते. ज्वारीला किंवा भेंडीला असा डोस पाजता येत नाही. फवारणी केली तर पांढरी माशी मरते, पण झाडात शिरलेला विषाणू तसाच राहतो. मग रोगट झाड उपटून टाकायचे, एवढेच हातात राहते.

यंदा आमच्या भेंडीवर हळद्या आला. आधी पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या, मग अख्खे पान पिवळे, मग भेंडीसुद्धा पिवळी आणि निबर. अशी भेंडी बाजारात कोण घेणार? आप्पांनी आणि आईने चार दिवस झाडे उपटली. त्या भेंडीच्या पैशांतून ताईला सायकल यायची होती. तिची शाळा तीन मैलांवर आहे. ती अजून चालतच जाते.

यावर एकच खरा उपाय आहे. ज्या झाडाला तो रोग होतच नाही, असे झाड शोधायचे आणि त्याचा गुण आपल्या पिकात आणायचा.

रानभाताची गोष्ट

"खाण तशी माती" असे आजी म्हणते. माझे नाक आजीसारखे आहे, कारण आईबापाचे गुण मुलात उतरतात. झाडाचेही तसेच असते. गुण बियातून पुढे जातात. ज्या बारीक कणांमुळे ते जातात त्यांना जनुके म्हणतात. एका झाडाच्या फुलातला पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर टाकला तर जे बी धरते, त्यात दोघांची जनुके येतात. याला संकर म्हणतात.

१९७० च्या सुमारास आशियातल्या भातावर एक विषाणूचा रोग आला. तपकिरी तुडतुडे तो पसरवत होते. भाताचे रोप खुजे राहायचे, त्याचे गवतासारखे झुडूप व्हायचे आणि लोंबी यायची नाही. फिलिपाइन्स देशात भाताची मोठी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी भाताचे सहा हजारांच्या वर नमुने तपासले. एकही टिकेना. शेवटी एक नमुना टिकला. तो होता आपल्या भारतातला, उत्तर प्रदेशातला रानभात! त्याला शास्त्रात निवारा म्हणतात. जुन्या गोष्टींत ऋषी जे नीवार धान्य खायचे, त्यावरूनच हे नाव दिले आहे.

या रानभाताला दाणे थोडे, आणि पिकले की गळून पडतात. शेतकऱ्याने ते शेतात दिसताच उपटले असते. पण त्याच्या अंगात रोगाशी लढणारे जनुक होते. शास्त्रज्ञांनी त्याचा चांगल्या भाताशी संकर केला. त्या रोपांचा पुन्हा चांगल्या भाताशी संकर केला. असे पुन्हा पुन्हा करून रोग न येण्याचा गुण तेवढा ठेवला आणि दाणे गळण्याचा गुण घालवला. पंजाबात जन्मलेले डॉ. गुरुदेव खुश हे या कामात पुढे होते. १९७६ साली आयआर ३६ ही जात निघाली. पुढे १९८० नंतरच्या वर्षांत ती जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर लावली जात होती. एका रानटी गवताने केवढ्या लोकांचे ताट वाचवले!

उसाचेही असेच आहे. नदीकाठी कास नावाचे गवत वाढते, पावसाळा सरला की त्याला पांढरे तुरे येतात. कोइमतूरला वेंकटरामन यांनी उसाचा या कासाशी संकर केला आणि को २०५ ही जात तयार झाली. आज आपण लावतो त्या उसातही थोडा गुण कासाचा असतोच. म्हणून ऊस काटक झाला.

परभणीची भेंडी

भेंडी गवत नाही, पण गोष्ट तीच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी साध्या भेंडीचा तिच्या रानटी बहिणीशी संकर केला. त्या रानभेंडीवर हळद्या येत नसे. त्यातून १९८५ साली परभणी क्रांती ही जात आली. तिने पुष्कळ शेतकऱ्यांना तारले. पण विषाणूही बदलत राहतो. पुढे काही ठिकाणी परभणी क्रांतीवरही हळद्या दिसू लागला. म्हणजे एकदा जिंकले म्हणून काम संपत नाही. पुन्हा रानाकडे जावे लागते. आणि तोपर्यंत रानातले ते झाड शिल्लक असले पाहिजे.

मुंबईतले गवताचे घर

पण रानात कोणते गवत कुठे आहे, हे कोणाला ठाऊक? कुणीतरी आधी लिहून ठेवले असेल तरच.

हे काम मुंबईत झाले आहे. गिरगावाजवळ धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेज आहे. तिथे फादर ब्लॅटर नावाचे शिक्षक होते. ते १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मले, पण त्यांनी जन्मभर आपल्याकडची झाडे गोळा केली. ते आणि चार्ल्स मॅक्कॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर मोठे पुस्तक लिहिले. ब्लॅटर १९३४ साली वारले आणि पुस्तक १९३५ साली निघाले. मुंबई इलाख्यात तेव्हा आपला सातारा जिल्हाही होता. म्हणजे आपल्या डोंगरावरची गवतेही त्या पुस्तकात आहेत.

त्या कॉलेजात वाळवलेल्या झाडांचा संग्रह आहे, त्याला ब्लॅटर यांचेच नाव आहे. झाड कागदात दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि खाली नाव, गाव, तारीख लिहितात. असे लाखाच्या वर कागद तिथे आहेत. दिवाळीत मी लालबागला तात्यांकडे गेलो होतो. माझे आजोबा तिथे गिरणीत कामाला होते. आता गिरणी नाही, खोली आहे. तात्यांनी मला बसमधून ती दगडी इमारत दाखवली. एवढ्या गर्दीच्या मुंबईत आपल्या माळावरचे गवत जपून ठेवलेय, याचे मला लई नवल वाटले.

आपल्या मराठी माणसांनीही हे काम केले. भिडे नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ शेतीखात्यात होते. त्यांच्या नावावरून सह्याद्रीतल्या एका गवताच्या गटाला भिडेया असे नाव दिले आहे. आता कळले ना, गवतालाही आडनाव असते!

आपण काय करायचे?

वाळलेल्या गवतातून नाव कळते, पण ते पेरता येत नाही. पेरायला जिवंत गवत लागते, ते माळावर, ओढ्याला आणि बांधावर. आपण उन्हाळ्यात सगळा बांध जाळतो, नाहीतर तणनाशक मारतो. पिकातले तण काढलेच पाहिजे, नाहीतर पीक कसे येणार? पण गायरान आणि ओढ्याचा काठ का जाळायचा? सहा हजारांत एकच रानभात टिकला. तोच कुणी जाळला असता तर?

आम्ही चौथीच्या मुलांनी गावातल्या गवतांची वही सुरू केली आहे. जुन्या वर्तमानपत्रात गवत दाबतो आणि खाली नाव, जागा, तारीख लिहितो. हरळी, कुसळी, पवन्या, मारवेल, कास अशी अकरा गवते झाली आहेत. ओढ्याजवळच्या तीन गवतांची नावे आम्हाला कोणी सांगितली नाहीत. ती या लेखाखाली चिकटवली आहेत. बघायला आलेल्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना विनंती आहे की ज्यांना नाव ठाऊक असेल त्यांनी शेजारी खडूने लिहावे. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगावे, आम्ही लिहू.

— इयत्ता ४ थी